झोळीचा आहेर

कयाधूला पूर आला त्या आठवड्यात जन्मली म्हणून पोरीचं नाव कयाधू ठेवलं, आणि पुढं नदीसारखंच तिचं झालं. एकदा सुरू झाली की काठावरच्या माणसांनी आपापलं बघावं. आठ महिन्यांची पोर, पण रडायला लागली की तीन घरांपलीकडची म्हैस पान्हा चोरायची. गप्प करायचा उपाय एकच होता. झोळी. आणि तीही कुठलीही चालायची नाही.

आढ्याला टांगलेली ती झोळी म्हणजे कयाच्या आजीचं, पार्वतीबाईचं निळं इरकली लुगडं. पार्वतीबाई नवी नवरी होऊन या घरात आली ती हेच नेसून. मग वर्षं गेली, लुगडं विरलं, सायीसारखं मऊ झालं आणि अंगावरून आढ्यावर गेलं. कयाचा बाप सोनाजी त्यात निजला, त्याच्या मागचे-पुढचे आठ जण निजले. नऊ लेकरं त्या एका लुगड्यानं झुलवली. काठाजवळ एक लाल ठिगळ होतं. कया ते ठिगळ तोंडात धरायची, दोन वेळा चोखायची, आणि तिसऱ्या वेळेला डोळे मिटलेले असायचे. तिची आई गोजर दोरी ओढता ओढता गुणगुणायची:

निळ्या गं लुगड्याची झोळी बांधली आढ्याला
कया माझी नीजली, सांगा सांगा गं वाऱ्याला

वारा ऐकायचा. निदान गोजरला तसं वाटायचं.

तर त्या वैशाखात गोजरच्या धाकट्या बहिणीचं, सुमनीचं लग्न ठरलं. नवरदेव आखाडा बाळापूरचा. लग्नही तिकडंच, नवरदेवाच्या दारात. नवरीकडच्यांनी गाड्या जुंपून जायचं आणि एक रात्र तिथंच मुक्काम करायचा. दोघी बहिणींचे आई-बाप लहानपणीच गेलेले. संतराममामानं दोघींना वाढवलं होतं. मामा तालमीतला माणूस, बिनलग्नाचा. त्याला भाच्यांच्या वेण्या घालता यायच्या, भाकरी थापता यायची, पण लुगड्यातलं त्याला काडीचं कळायचं नाही. म्हणून सुमनीच्या लग्नात आईच्या जागी गोजरच उभी राहणार होती. वय वर्षं वीस, कडेवर कया.

निघायच्या आदल्या दिवशी पार्वतीबाईनं झोळी आढ्यावरून सोडली, नदीवर नेऊन आपटून आपटून धुतली, वाळवली, तिची चौकोनी घडी घातली. घडीत मूठभर तांदूळ ठेवले, एक सुपारी, एक हळकुंड. वरून हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली आणि सगळं पिवळ्या फडक्यात बांधलं. बांधताना फडक्यावरही तीच पाच बोटं उमटली.

"आत्याबाई, लेकराची झोळी हाय का देवीची वटी?" गोजर हसली.

"हासू नको. रिकामी झोळी घराबाहेर जाऊ नये. भरली जावी, भरली यावी. सुमनीच्या सासरी नीट टांग, चांगलं आढं बघून. आन ठिगळ लेकराच्या तोंडाकडं येऊ दे."

एवढा बंदोबस्त करून पार्वतीबाई निश्चिंत झाली. पुढं जे झालं ते सगळं त्या पाच बोटांमुळं.

*

कळमनुरीच्या बाजारात मामाच्या गाडीला सोनाजीची गाडी मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत सगळे बाळापुरात पोचले. नवरीकडच्यांचा उतारा एका वखारीत होता, कापसाच्या. कापूस विकला गेलेला, पण कोपऱ्याकोपऱ्यात अजून पुंजके उडत होते, त्यामुळं आलेल्या माणसांच्या डोक्यावर पहिल्याच तासाला म्हातारपण आलं.

उतरल्या उतरल्या विहीण भेटायला आली. सखुबाई म्हणजे उंच बाई, नाकात नथ, चाल पाटलिणीची. बरोबर नणंद मोतीबाई, जिची जीभ सगळ्या बाळापुरात धार लावायच्या दगडासारखी मशहूर होती. सखुबाईनं गोजरकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इहीण कुठं हाय?"

"मीच," गोजर म्हणाली.

"तू? अगं, तुझ्याशी मी मानपानाचं बोलू का भातुकली मांडू?"

मोतीबाई खिदळली. गोजरचे कान लाल झाले. सखुबाई गेली, आणि सुमनीनं अक्काचा हात घट्ट धरला.

"अक्का, ही बाई लई कडक हाय. तू कुठं जाऊ नको. मंगळाष्टकाच्या वक्ताला तू माझ्या मागं उभी पाहिजेस. न्हाई तर मी हारच टाकणार न्हाई."

"उभी राहीन गं."

"कया रडली तर?"

"कया निजलेली असंल. झोळी आणलीय न्हवं?"

इकडं संतराममामा गाड्यांमधलं सामान उतरवत होता. सामान सतराशे साठ. मामानं कुस्तीतल्या डावासारखा एकच सोपा नियम केला: ज्याला हळदीकुंकू लागलंय ते आहेराचं, ज्याला लागलं नाही ते आपलं. विहिणीच्या मानाचं लुगडं त्यानं स्वतः हिंगोलीच्या बाजारातून आणलं होतं. निळं इरकली, कोरं करकरीत, लाल फडक्यात बांधलेलं. त्याला हळदीकुंकू ऐन वेळेला लावायचं असं ठरलं होतं. पण आता बघतो तर आहेराच्या सुपाशेजारी एक पिवळं गाठोडं, वर पाच बोटं ठसठशीत. मामानं दाबून पाहिलं. लुगडंच. आत सुपारीही लागली हाताला.

"बघा," मामा स्वतःशीच खूश झाला, "कोन्या शहाण्या बाईनं फडकं बदलून आधीच तयारी करून ठेवलीय." आणि पिवळं गाठोडं सुपात गेलं. लाल गाठोडं नियमाप्रमाणं गेलं आपल्या सामानात, घोंगड्यांखाली.

*

दुपारी हळद लागली. कया पहाटेपासून जागी होती. तिनं आधी डोळे चोळले, मग कान ओढले, मग आईची वेणी ओढून सोडवली, आणि मग ती सुरू झाली.

गोजरनं गाडी धुंडाळली. पिवळं गाठोडं नव्हतं. वरच्या घोंगड्या झटकल्या. नव्हतं. तोवर वखारीतल्या सगळ्या बायकांना कळलं होतं की लेकराची झोळी सापडेना, आणि लेकरू कसं निजवावं हे ज्याला त्याला येतंच.

एकीनं सुपात घालून पाखडल्यासारखं हालवलं. कयानं सुपातले दोन हळकुंडाचे तुकडे पकडले आणि पिवळ्या तोंडानं बोंबलली. दुसरीनं पीठ मळायच्या काथवटीत निजवलं. काथवट कलंडली. तिसरी म्हणाली, वखारीत एवढा मोठा काटा टांगलाय, त्याची तागडी म्हणजे पाळणाच की. पटकन घोंगडीची घडी घालून कयाला एका तागडीत बसवलं. तागडी धाडकन खाली गेली. मग तोल राहावा म्हणून दुसऱ्या तागडीत कुणीतरी वजनं ठेवली, आणि कया हळूहळू वर आली, अधांतरी, गोल फिरली, खाली डोकावली आणि रडणं विसरून खदखदा हसायला लागली. वखार हसली. कया वर, वजनं खाली. वजनं वर, कया खाली.

"साडेआठ शेर!" सोनाजी कौतुकानं ओरडला.

सगळ्या म्हाताऱ्या एकदम उठल्या. "अरे मुडद्या! लेकराचं वजन करत्यात का कुनी? दिष्ट लागंल!" कयाला तागडीतून ओढून काढलं, मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मोहऱ्या चुलीत तडतडल्या, आणि त्या आवाजानं कया पुन्हा सुरू झाली ती दुप्पट.

सोनाजीला आपल्या हातून झालेलं भरून काढायचं होतं. "तू सुमनीचं आवर," तो गोजरला म्हणाला, "मी झोळीचं बघतो. लेकराच्या बापाला एवढं बी येत न्हाई का?"

तो गेला, घोंगड्यांखाली हात घातला, आणि त्याला लाल गाठोडं लागलं. सोडलं. निळं इरकली लुगडं! बोटांना जरा कडक लागलं, चकाकतंही होतं. पण सोनाजीचा आपल्या आईच्या धुण्यावर फार विश्वास. "माय लई दाबून धुती," तो पुटपुटला. त्यानं सावलीत उभ्या गाडीखाली, आखाला दोन्ही टोकं बांधून झोका केला, कयाला आत ठेवलं आणि बापाच्या आवाजात अंगाई म्हटली. अंगाईला चाल लागेना म्हणून मोटेवरचं गाणं म्हटलं.

कयानं ठिगळ शोधलं. ठिगळ नव्हतं. कोरं खळीचं कापड गालाला टोचलं. दुकानाचा वास आला. तिनं एक क्षण विचार केला आणि जे करायचं ते त्या लुगड्यातच केलं, भरपूर.

त्यावर तिनं ठोकलेली बोंब ऐकून गोजर सुमनीची अर्धी वेणी हातातली सोडून बाहेर धावली. गाडीखाली वाकली आणि तिथंच बसली.

"अवं! ह्ये काय केलं?"

"झोळी बांधली."

"ही झोळी न्हाई! हे इहिणीचं मानाचं लुगडं हाय!"

सोनाजीनं वाकून टपटप गळणाऱ्या मानाच्या लुगड्याकडं पाहिलं. "मंग झोळी कुठं गेली?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. गोजरला आठवली पिवळ्या फडक्यावरची पाच बोटं. आणि आठवला मामाचा नियम.

"मामा कुठं हायेत?"

"मामा? ते सूप घेऊन कवाच गेले इहिणीकडं. वाजतगाजत."

गोजरनं एका हातानं कयाला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं ओलं लुगडं ओढून काढलं आणि ती पळत सुटली. बाळापूरच्या भर बाजारातून, मोकळ्या केसांनी, कडेवर बोंबलणारी नदी घेऊन. लग्न मोडलं तर सुमनी काय करील, एवढंच तिच्या डोक्यात ठणठणत होतं. आईच्या जागी उभी राहायला आले, आणि आईसारखं एक गाठोडं सांभाळता आलं नाही.

*

सखुबाईच्या ओसरीवर बायका दाटल्या होत्या. सखुबाई पाटावर. समोर संतराममामा, सूप पुढं धरून, छाती काढून. मोतीबाईनं पिवळं फडकं सोडलं. तांदूळ निघाले, सुपारी निघाली, हळकुंड निघालं.

"रीतभात हाय हो," बायका म्हणाल्या.

मोतीबाईनं घडी उचलली, नवं लुगडं झटकतात तशी झटकली आणि रिवाजाप्रमाणं वहिनीच्या दोन्ही खांद्यांवरून सोडली. लुगडं खांद्यावर बसलं नाही. ते तिथं वितळलं. दारातलं ऊन त्याच्यातून आरपार आलं, आणि लाल ठिगळ नेमकं सखुबाईच्या छातीवर बिल्ल्यासारखं येऊन बसलं.

मागच्या बायकांनी माना पुढं काढल्या.

"वहिनी," मोतीबाई म्हणाली, "लई बारीक सूत हाय हो. मला ह्यातून समोरची म्हैस दिसून राहिली."

पहिली एक हसली, मग पाच, मग ओसरी. सखुबाई हसली नाही.

"संतरामराव, हे काय हाय?"

"लुगडं," मामा म्हणाला.

"कोनाचं?"

"तुमचं."

"कवापासून?"

मामाला ह्या डावाची तोड माहीत नव्हती. त्यानं सूप आणखी पुढं केलं.

सखुबाईचा आवाज चढला. "माझ्या दारात, माझ्या मानसांत, माझ्या अंगावर चिंधी? येकुलत्या येका लेकाचं लगन माझं! अहो," तिनं अंगणात उभ्या नवऱ्याला, माणिकरावांना हाक मारली, "सांगा त्या वाजंत्र्याला, संबळ खाली ठेव म्हनावं! आमाला असली सोयरीक..."

आणि गोजर आत आली. धापा टाकत, कपाळावर केस चिकटलेले, कडेवर कया लालबुंद होऊन किंचाळतेय. सगळ्यांनी वळून पाहिलं.

कयानंही पाहिलं. निळं दिसलं. लाल दिसलं. ती किंचाळता किंचाळता अर्ध्यात थांबली, नाक फुललं, आणि आईच्या कडेवरून दोन्ही हात पसरून तिनं सरळ सखुबाईच्या अंगावर झेप घेतली.

लेकरू हवेत आलं की बाई आधी धरते आणि मग विचारते, हे कोणाचं. सखुबाईनं धरलं. कयानं तिच्या छातीवरचं ठिगळ दोन्ही मुठींत पकडलं, तोंडात कोंबलं, एक वेळा चोखलं, दुसऱ्या वेळा चोखलं, आणि नथीखाली डोकं टाकून निजली.

ओसरी एवढी शांत झाली की वेशीवरच्या पिंपळाची सळसळ ऐकू आली.

सखुबाईचं तोंड उघडंच होतं. वाक्य अर्धं राहिलं होतं. तिनं ते पुरं करायला घेतलं, "असली सोयरीक न..." आणि कया जराशी हलली. सखुबाईनं घाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढचं कुजबुजत म्हणाली, "...नको हाय आमाला."

कुजबुजत केलेलं भांडण म्हणजे मिठाशिवायचं पिठलं. ते कुणाच्या घशाखाली उतरेना.

"काय म्हणाली?" मागच्या बाईनं विचारलं.

"शूऽऽ! नको हाय म्हणाली."

"काय नको हाय?"

"शूऽऽ!"

गोजर गुडघ्यांवर सखुबाईसमोर बसली. तीही कुजबुजली. "आत्याबाई, चूक माझी हाय. मामाला बोलू नका, सुमनीला बोलू नका. ही माझ्या लेकराची झोळी. हळदीकुंकवामुळं आहेरात आली."

"झोळीला हळदीकुंकू काहून?"

"रिकामी झोळी घराबाहेर जाऊ नये म्हून. माझ्या सासूची रीत."

"आन माझं लुगडं?"

गोजरनं दुसऱ्या हातातला निळा बोळा पुढं केला. "हे तुमचं. जरासं... वल्लं हाय."

"वल्लं काहून?"

गोजरनं निजलेल्या कयाकडं नुसतं बघितलं.

सखुबाईनं एक एक करून हिशेब जुळवला. "म्हंजे माझ्या मानाच्या लुगड्याची हिनं झोळी केली."

"व्हय."

"आन हिच्या झोळीचं मला मानाचं लुगडं."

"व्हय, आत्याबाई."

सखुबाईच्या नथीचा मोती थरथरला. गोजरला वाटलं, आता ही उठणार. पण थरथर नथीवरून हनुवटीवर आली, हनुवटीवरून खांद्यांवर, खांद्यांवरून पोटावर. सखुबाई हसत होती. आवाज न करता, ओठ मिटून, डोळ्यांतून पाणी काढत, अख्खी गदगदत. आणि त्या गदगदण्यानं कया मजेत झुलत होती, आढ्याला टांगलेली असल्यासारखी.

मोतीबाईनं तोंडात पदर कोंबला. बायका एकमेकींच्या खांद्यांवर पडल्या. मामाचं हसू मात्र तालमीतलं. त्याला कुजबुजता येत नव्हतं, म्हणून तो सूप घेऊन अंगणात पळाला आणि गोठ्यात जाऊन हसला. तिथले बैल उठून उभे राहिले.

"जुनं किती हाय हे?" सखुबाईनं डोळे पुसत विचारलं.

"माझी सासू ह्यात नवरी होती. मंग तिची लेकरं निजली. नऊ."

"नऊ. जगली किती?"

"नऊच्या नऊ."

सखुबाईचं हसू थांबलं. तिनं मोकळ्या हातानं खांद्यावरचं विरलेलं सूत चिमटीत धरलं, जसं बाजारात पारखतात तसं नाही, जसं देवळातला अंगारा धरतात तसं. तिच्या घरात पाळणा चारदा बांधला होता आणि एकदाच राहिला होता. ते बाळापुरात सगळ्यांना माहीत होतं.

"नऊच्या नऊ?" तिनं परत विचारलं.

"व्हय. दहावी ही."

सखुबाई कयाच्या टाळूवरून बोट फिरवत राहिली. गोजरच्या ओठांवर आलं ते तिनं अडवलं नाही, अगदी हळू आवाजात म्हटलं:

मांडीवर इहिणीच्या झोप माझ्या गं मैनेची
हालू नका इहीणबाई, आण तुमा पैठणीची

बायकांनी माना वळवल्या. लग्नात विहिणीला ओवीतून टोमणा मारायचा तो गळा काढून, हे असं कुजबुजून कुणी ऐकलं नव्हतं. आता सखुबाईचं उत्तर यायला पाहिजे. न आलं तर तिची हार. सखुबाईनं क्षणभर आढ्याकडं बघितलं आणि तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली:

आहेरात आलं बाई जुनंपानं गं लुगडं
घडी मोडून पाहते, आत गोजिरं मुखडं

"वहिनी!" मोतीबाई कुजबुजली, "तुमी गाता?"

"तू चूप. आन इहीणबाई," सखुबाई गोजरला म्हणाली, पहिल्यांदाच, "केस बांधा. नवरीची माय अशी मोकळ्या केसांनी हिंडती का? मुहूर्त जवळ आलाय."

*

गोरज मुहूर्त. गायी वेशीतून येत होत्या, त्यांच्या घंटा वाजत होत्या, आणि बाळापुरात त्या संध्याकाळी तेवढंच वाजत होतं.

कारण सखुबाई मांडवात आली ती भरली घागर डोक्यावर असल्यासारखी. खांद्यावर निळं लुगडं, त्याच्या पोटात कया. वाजंत्र्यांनी सनई ओठांना लावली आणि सखुबाईनं एकदाच बघितलं. सनई खाली आली. ताशेवाल्यानं काड्या काखेत घातल्या. माणिकराव मांडवभर हात खालीवर करत हिंडले, उडती धूळ बसवावी तसे.

राधाकृष्ण भटजी खणखणीत आवाजाचे. त्यांची मंगळाष्टकं नदीपलीकडं ऐकू जायची.

"भटजी, हळू," माणिकराव म्हणाले.

"मंत्र हळू कसे म्हणणार? देवाला ऐकू कसं जाणार?"

"देवाला लेकरं हायेत. त्यो समजून घेईल."

भटजींनी मंगळाष्टकं कुजबुजत म्हटली. दोनशे माणसं पुढं वाकून ऐकत राहिली. शुभमंगल म्हटलं आणि पुढचा शब्द आला, सावधान. आजवर हजार लग्नांत तो शब्द ओरडून झाला होता. आज पहिल्यांदा तो जसा म्हणायचा तसा म्हटला गेला, बोट ओठांवर ठेवून. सगळा मांडव खरोखर सावध झाला. अक्षता लोकांनी फेकल्या नाहीत, सांडल्या. एका म्हाताऱ्याला शिंक आली, ती त्यानं उपरण्यात बांधून मांडवाबाहेर नेली.

गोजर सुमनीच्या मागं उभी होती. दोन्ही हात मोकळे, केस बांधलेले. सुमनीनं अंतरपाटाआडून मान वळवून खात्री केली. "अक्का?"

"हाय गं. टाक हार."

सुमनीनं हार टाकला. नवरदेवानंही टाकला, इतका हळू की तो आधी कानात अडकला. माणिकरावांनी मान हलवली, सखुबाईनं कयाचा कान आपल्या हातानं झाकला आणि दुसऱ्या हातानं वाजंत्र्यांना हळूच खूण केली, वाजवा, पण जरासं.

ताशेवाला बिचारा एवढा वेळ दाबून ठेवलेला. त्याला जरासं जमलं नाही. त्यानं ताशावर काड्या टाकल्या, संबळ उठला, सनई कडाडली, पारवे पिंपळावरून उडाले. दोनशे माणसांनी एकदम कयाकडं पाहिलं.

कया निजली होती. तिच्या ओठांतलं ठिगळ जरासं पुढं आलं, परत आत गेलं.

सखुबाईनं गोजरकडं पाहिलं. गोजरनं नजर मांडवाच्या वाशांकडं नेली.

"इहीणबाई. हिला ह्या आवाजाचं काही वाटत न्हाई?"

"न्हाई, आत्याबाई. एकदा झोळीत निजली की ढोल बडवा, उठत न्हाई."

"मंग आधी काहून न्हाई सांगितलं? भटजीला कुजबुजायला लावलं आमी!"

"आधी तुमी रागात व्हता," गोजर म्हणाली. "हळू बोलत व्हता तवा राग लहान व्हत व्हता. म्हटलं, सगळं लगनच हळू होऊ द्यावं."

सखुबाईनं कयाला सावरून धरलं. मग तिनं तोंड उघडलं आणि सगळ्या वाजंत्र्यांवर मात करील असं हसली, दिवसभराचं साचलेलं. कया त्या हसण्यावर झोका घेत राहिली.

*

आता प्रश्न राहिला रात्रीचा. गोजर झोळी मागायला गेली तर सखुबाईनं खांद्यावरचं लुगडं आवळून धरलं.

"दिलेला आहेर परत घेत्यात का?"

"न्हाई, पन कया..."

"आहेर माझा. लेकराला निजवायचं तर माझ्या घरी निजवा. आढं सागवानी हाय."

त्या रात्री झोळी सखुबाईच्या माजघरात टांगली गेली, आणि गोजर वखारीत पाय पसरून निजली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या हातात दोरी नव्हती. सकाळी जाऊन बघते तर सखुबाई भिंतीला टेकून बसल्याबसल्या निजलेली, दोरी मनगटाला गुंडाळलेली, आणि झोपेतही मनगट पुढंमागं हलत होतं.

गाड्या जुंपल्या. सुमनी सासरी राहिली, रडली, हसली, पुन्हा रडली. निघताना सखुबाई बाहेर आली. तिच्या अंगावर मानाचं नवं लुगडं होतं, धुतलेलं, वाळलेलं, खळ गेलेलं. हातात पिवळं गाठोडं. वर हळदीकुंकवाची पाच बोटं, ताजी.

"हा माझा आहेर. इहिणीच्या लेकीला. परत केलेला न्हाई, नवा दिलेला." तिनं ते कयाच्या पोटावर ठेवलं. "मूठभर तांदूळ घातल्यात, सुपारी हाय. रिकामी झोळी माझ्याबी घरातून जाणार न्हाई. आन बघा, सुमनीला दिवस गेल्याचा निरोप आला की..."

"की दुसऱ्या दिवशी गाडी जुंपते, इहीणबाई," गोजर म्हणाली. "भरली आणते."

सखुबाईनं मान फिरवली. नथ नीट करायची होती म्हणाली.

गाड्या वेशीपाशी आल्या. संतराममामा कयाच्याच गाडीत बसून सामान मोजत होता, आणि त्याची नजर कयाशेजारच्या पिवळ्या गाठोड्यावर गेली. पाच बोटं ठसठशीत.

"अरे! आहेराचं एक राहिलंच की द्यायचं!" मामानं गाठोडं उचललं आणि चालत्या गाडीतून खाली उडी घेतली. "थांबा, देऊन येतो!"

"मामाऽऽऽ!"

गोजर ओरडली, सोनाजी ओरडला, वेशीपर्यंत निरोप द्यायला आलेली मोतीबाई ओरडली, आणि ओसरीवर उभी सखुबाई सगळ्यांत मोठ्यानं ओरडली. मामा भर रस्त्यात गाठोडं छातीशी धरून उभा राहिला.

तेवढ्या सगळ्या गलक्यानं कया दचकली. तिनं मामाकडं पाहिलं, मामाच्या हातातल्या पिवळ्याकडं पाहिलं, आणि रडायला तोंड उघडलं.

मामानं गाठोडं तिच्या दिशेनं फेकलं, आणि बैलांच्याही पुढं पळाला.